सूर्याची रोजकीर्द

नांदेडच्या वजिराबादेत अथवा लातूरच्या अडतबाजारात पेढी चालविणाऱ्या कोणाही गृहस्थास विचारावे की, ज्या दिवशी एका पैशाचीही उलाढाल झाली नाही त्या दिवशी रोजकीर्दीत काय लिहितात? तो म्हणेल, तारीख घालून ‘निरंक’ लिहितात. पान नुसतेच कोरे असेल तर हिशेब तपासणारा त्यावर विश्वास ठेवीत नाही. कारण धंदा झाला नाही की मुनीमच आला नाही, हे कोऱ्या पानावरून कळत नाही. हा भेद ज्याच्या ध्यानी आहे त्यास आजचा आमचा विषय, म्हणजे सूर्यावरील डागांची जुनी चित्रे, समजण्यास अडचण पडणार नाही.

सूर्यबिंबावरील काळे डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व घटतात. हा फेरा प्रथम ज्याने ओळखला तो कोणी राजज्योतिषी नव्हता. जर्मनीतील डेसाऊ गावचा हाइन्रिख श्वाबे हा मूळचा औषधविक्रेता. बुधाच्याही आत एखादा ग्रह सापडेल या आशेने तो सूर्य न्याहाळू लागला. ग्रह काही सापडला नाही, परंतु १८२५ पासून १८६७ पर्यंत त्याने काढून ठेविलेली आठ हजारांहून अधिक चित्रे आज जगाची ठेव होऊन बसली आहेत. चित्राचे मोल नुसत्या आकड्याहून अधिक का, तेही सांगितले पाहिजे. फेऱ्याच्या आरंभी डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून दूर उमटतात आणि पुढे पुढे त्याच्याजवळ येतात. तेव्हा डाग कोठे होता हे कळले म्हणजे फेरा कोणत्या टप्प्यात होता याचाही अदमास लागतो. केप्लरने १६०७ साली, दुर्बीण हाती येण्यापूर्वी, छिद्रातून कागदावर पाडलेल्या सूर्यबिंबावर एक ठिपका पाहिला व तो बुध ग्रह समजून रेखाटला. समजूत चुकीची होती. पण रेखाटन प्रामाणिक होते. म्हणूनच २०२४ साली संशोधकांस त्यावरून सांगता आले की, तो डाग एका फेऱ्याच्या शेवटच्या भागातील असावा.

आता आमच्या वकिली पेशास लागून असलेला मुद्दा. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग फारच थोडे दिसले, हे सर्वमान्य आहे. परंतु १९९८ साली जुन्या निरीक्षणांची जी मोठी यादी सिद्ध झाली, तीत एखाद्या निरीक्षकाने ‘पुष्कळ दिवसांत डाग दिसला नाही’ असे मोघम लिहिले असता त्या काळातील प्रत्येक दिवशी शून्य मांडले गेले. ‘मी पाहिले, काही नव्हते’ ही साक्ष होय. ‘त्या दिवशी कोणी पाहिले नाही’ ही साक्षच नव्हे. पुढील अभ्यासकांनी मूळ कागद पुन्हा तपासून अशी शून्ये खोडली. डागांचा दुष्काळ खोटा ठरला नाही. त्याची मोजणी मात्र शुद्ध झाली. मूळ कागद रद्दीत गेले असते तर ही उलटतपासणी कशावर चालविली असती?

या दप्तरात आपल्या देशाचाही खाते-उतारा आहे. डेहराडूनला १८७८ पासून सूर्याची नित्य छायाचित्रे घेतली जाऊ लागली आणि कोडईकनालला १९०४ पासून. पण पुण्याची कथा कष्टाची आहे. तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रोफेसर कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली. २० इंची दुर्बीण आणली. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण सोलापूरकडील जेऊर येथे तळ देऊन टिपले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद होऊन यंत्रे कोडईकनालला गेली. एका माणसाच्या पेन्शनीबरोबर संस्था मिटावी, हा आमचा जुना रोग आहे.

कोणी विचारील, सूर्याच्या डागांशी मराठवाड्याचे काय देणे? डागांवरून पाऊस सांगणारा कोणी भेटल्यास त्यास दक्षिणा देऊ नये, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो. हवामानखात्याचे मुख्य गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ साली हा संबंध आकडेवारीने तपासला. भाकितास आधार होईल असे त्यात काही निघाले नाही. देणे आहे ते वहीचे. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पर्जन्यमापकाच्या वहीतील शून्य आणि कोरी जागा यांत किती अंतर आहे हे शेतकऱ्यास विचारा. दुष्काळ ठरविताना हेच आकडे पाहिले जातात. म्हणून तालुक्यांच्या जुन्या पाऊसवह्या रद्दीत न घालता त्यांची छायाचित्रे उतरवून ठेवावी, ही आमची पहिली मागणी.

दुसरी याहून स्वस्त आहे. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांनी एकेक लहान दुर्बीण घेऊन सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर पाडावे (दुर्बिणीस डोळा लावून सूर्य पाहणे म्हणजे डोळा गमावणे होय), आणि विद्यार्थ्यांकडून रोज चित्र काढवून त्यावर तारीख, वेळ व सही घ्यावी. डाग नसेल तर ‘पाहिले, डाग नाही’ असे लिहावे. आभाळ असेल तर ‘आभाळ’. आणि सुटी असेल तर ‘सुटी’.