विद्यापीठ भाईंदरला यावं

मुंबई विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांपुढे राजाबाई टॉवर येतो. मीरा-भाईंदरच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली बहुतेक मुलं याच विद्यापीठाची. तरी फोर्टची ती वास्तू किंवा कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आतून न पाहताच त्यांतले कितीतरी जण पदवीधर होतात. आम्हाला याचं मनापासून वाईट वाटतं.

याचं मूळ जुनं आहे. १८ जुलै १८५७ रोजी हे विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठानं. १८६२च्या पहिल्या पदवीधरांतले न्यायमूर्ती रानडे शिकले ते एल्फिन्स्टनमध्ये. विद्यापीठात प्रत्यक्ष शिकवणं रुजायला पुढची साठेक वर्षं गेली. १९१९ साली समाजशास्त्र विभाग निघाला आणि पॅट्रिक गेडिस त्याचे प्रमुख झाले. शहर पायी हिंडून समजून घ्यावं, असं मानणारा हा माणूस.

आज विद्यापीठाचा पसारा थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे. पण भाईंदरच्या बीकॉमच्या मुलीशी त्याची गाठ पडते ती हॉलतिकीट, निकाल आणि केटीचा फॉर्म भरताना. सकाळी सातचं लेक्चर, दुपारी एखाद्या सीएच्या ऑफिसात काम, संध्याकाळी धाकट्या भावाचा अभ्यास. घरात दिवा मालवायची वेळ झाली की ही पुस्तक घेऊन सोसायटीच्या जिन्यात बसते. कालिन्याला जायचं तर आधी विरारहून खचाखच भरून आलेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळायला हवी.

आणि गेडिसना इथे अभ्यासायला काय कमी पडलं असतं? मिठागरं, उत्तनचे कोळीवाडे, राई-मुर्ध्याची आगरी घरं, पूर्वेकडचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, १९८५च्या नगरपरिषदेची २००२ साली झालेली महापालिका. एवढं सगळं दाराशी असताना आपली मुलं प्रोजेक्ट उतरवतात इंटरनेटवरून. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही; या गावाकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला त्यांना कुणी शिकवलंच नाही.

ठाण्यात, कल्याणला, रत्नागिरीत विद्यापीठाची उपकेंद्रं झाली. मीरा-भाईंदरलाही हवं. महापालिकेनं जागा द्यावी, विद्यापीठानं शिक्षक आणि पुस्तकं. सुरुवातीला रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका आणि एमएचे दोन वर्ग निघाले तरी चालतील. हा अंक आम्ही त्या मागणीसाठीच काढला आहे. विशेष विभागात इथल्याच विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीवर लिहिलं आहे; आधी तो वाचा आणि घरातल्या कॉलेजच्या मुलांच्या हाती द्या.