खेळाचा कस



“फादर, पोराचा मोबाईलवरचा खेळ बंद करावा की चालू द्यावा?” हा प्रश्न अलीकडे आयाबाया वारंवार विचारतात. कोणी म्हणते, सगळे खेळ वाईट, फोन कुलपात ठेवा. कोणी म्हणते, काळच तसा आला आहे, आपण काय करणार? ही दोन्ही उत्तरे वस्तू न पारखता दिलेली आहेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सराफा बाजार आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, तेथेच पुढे हे शहर वसले, आणि मराठी घराणी आजही तेथे नांदतात. जुना सराफ डागिन्याची नुसती चकाकी पाहून मोल सांगत नाही. तो डागिना काळ्या कसोटीवर घासतो, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतो, आणि मगच बोलतो. खेळांच्या बाबतीत आपणही तसेच करावे, या विचाराने काही खेळ मी स्वतः खेळून पाहिले. पुढील मते एका खेळाडूची आहेत. पटतील तेवढी घ्यावीत. माझी कसोटी तीन प्रश्नांची आहे. खेळ संपतो काय? तो आपल्या खिशात हात घालतो काय? आणि खेळून उठलेला माणूस घरच्यांच्या जवळ येतो की दूर जातो?

पहिला टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो तयार केला. वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली ओळी भरायच्या, एवढाच खेळ. परंतु थकलेल्या मनाला तो विसावा देतो. त्यात रक्त नाही, आरडाओरड नाही. ठोकळ्यांचा वेग वाढत जातो आणि आपण हरतो, म्हणून डाव लवकर आटोपतो. पंधरा मिनिटांसाठी याच्याइतका निर्मळ खेळ मला दुसरा आढळला नाही.

दुसरा लुडो किंग, नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली आणलेला. हा आपल्या पचिशीचाच वंशज. इंग्रजांनी १८९६ साली लुडो नावाने तिचे पेटंट घेतले आणि आता ती फोनवरून घरी परतली आहे. चौघांनी एकाच फोनभोवती बसून खेळले, तर आजीही हसते आणि नातूही. मात्र मधूनमधून येणाऱ्या जाहिराती रसभंग करतात, आणि एकट्याने अनोळखी माणसांशी खेळताना ती मजा उरत नाही.

तिसरा माइनक्राफ्ट. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात आला. चौकोनी ठोकळ्यांचे जग. माती खणावी, लाकूड तोडावे, घर बांधावे. मुलाने बांधलेला वाडा पाहावयास बोलावले, तर आईबापांनी अवश्य जावे. त्यात त्याची खरी मेहनत असते. उणीव एवढीच की या खेळाला स्वाभाविक शेवट नाही. तो घरातल्या वडीलधाऱ्यांनीच घालून द्यावा लागतो.

चौथा राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या बहिणीची ही कथा. राजस्थानी महाल, चित्रांचे रंग आणि मधल्या छायाबाहुल्या पाहून डोळे निवतात. लढाईतील हालचाली मला जरा अडखळत्या वाटल्या, आणि शेवट घाईने उरकल्यासारखा. तरीही काही तासांत कथा संपते व खेळाडू मोकळा होतो. हा गुण फार मोठा आहे.

पाचवा बीजीएमआय. पबजीवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने हा आणला. मध्यंतरी तोही हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बेटावर शंभर जण उतरतात, शेवटी जो उरेल तो जिंकतो. खेळाची बांधणी उत्तम आहे, आणि मित्रांनी एकमेकांस सावरून खेळण्यात खरा आनंद आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु अर्ध्या तासाचा डाव संपताच “आणखी एक” असे मन म्हणते, आणि बंदुकीच्या रंगासाठी व पोशाखासाठी पैसे मागितले जातात. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. शाळकरी मुलाला तीन तास म्हणजे अख्खी संध्याकाळ!

पैसे लावून खेळायचे रमी वगैरे डाव मी खेळलो नाही व खेळणारही नाही. तेथे कसोटीची गरजच नाही; ते पितळ आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा संमत केला. असे डाव चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. म्हणून घरातील कोणी यात अडकला असेल, तर त्याने भीतीपोटी लपवू नये, आणि घरच्यांनीही त्याला गुन्हेगारासारखे वागवू नये. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

आईबापांना तीन गोष्टी सुचवतो. मुलाचा खेळ एकदा त्याच्या शेजारी बसून खेळा. मग तुमच्या शब्दाला वजन येईल. वेळ ठरवताना मिनिटे न मोजता डाव मोजा, कारण अर्ध्या डावातून उठवलेला मुलगा सोबत्यांना तोंडघशी पाडतो आणि मनात अढी धरतो. तिसरे, पैसे देण्याचा गुप्त क्रमांक मुलाला सांगू नका.

सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नाही. आपल्याकडे झारेकरी आणि उत्तरेत न्यारिये तो विकत घेतात आणि धुऊन त्यातून सोन्याचे कण वेचतात. मुलाच्या निघून गेलेल्या संध्याकाळी मात्र कोणालाच धुऊन परत मिळवता येत नाहीत. तेव्हा पारख आधीच करावी, आणि ती मुलाला सोबत घेऊन करावी.