आखाडा पाडा म्हणणाऱ्यांना

आखाडा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढं लाल माती, लंगोट आणि शड्डू उभा राहतो. आमच्या बिलोली भागात आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतात, विहिरीच्या जवळ, पत्र्याचं नाहीतर तुराट्यांच्या कुडाचं जे ठिकाण असतं, ज्यात बैल बांधतात, औजारं ठेवतात, कडबा रचतात आणि रात्री माणूस झोपतो, तो आखाडा. कुस्ती तिथंही होते, पण ती उंदरांशी, चोरांशी, लाईटशी आणि सख्ख्या भावाशी.

मागच्या दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. शेतात चक्कर मारली, आखाड्याचं दार ढकललं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "काका, हे भंगार कामून ठेवलंय? पाडून टाका. स्लॅब टाकू, दोन खोल्या काढू. हुरड्याला मित्रांना घेऊन येता येईल." गावातली चार शहाणी माणसंही त्याच्याच बाजूची. बैल गेले, मोट गेली, ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, हार्वेस्टर बांधावर येतं, मग आखाडा पाहिजेच कशाला? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. रागात बोलायला गेलं की माझी जीभ अडखळते. म्हणून आता लिहून देतो.

आधी भंगाराचं बोलू. आमचा आखाडा बारा पत्र्यांचा. आत काय आहे ते लपवत नाही. मोटेचा नाडा आणि सोंदूर आहे; मोट बंद होऊन चाळीस वर्षं झाली. दोन जू आहेत, त्यातलं एक मोडलेलं. तिफणीचं चाडं, कोळप्याच्या फासा, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, एका चाकाची लुना, आणि मोटारीचे तीन फुटबॉल. हे खेळायचे नव्हेत, पाईपाच्या टोकाला बसून पाणी धरायचे. फवारणी पंपाच्या रिकाम्या खोक्यात एक कोंबडी दरसाल अंडी घालते आणि आपण जवळ गेलो की मालकिणीसारखी बघते. वडील म्हणायचे, "ठिव, लागतंय कधी ना कधी." आणि खरंच लागतं. एकदा हरभऱ्याला पाणी चालू असताना रात्री अकरा वाजता फुटबॉलचं वायसर गेलं. बिलोलीची दुकानं बंद. मी बॅटरी घेऊन आखाड्यात शिरलो आणि अर्ध्या तासात दहा वर्षांमागच्या फुटबॉलचं वायसर काढून बसवलं. मोटारीनं पाणी धरलं तेव्हा जो आनंद झाला, तो मला लेकाच्या नोकरीच्या कागदानंही झाला नव्हता. हे मी बायकोपुढं बोललो नाही.

दुसरं, पत्र्याचं. पत्र्याला हसू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक नुकतेच निजले होते. आमच्याकडं फळीवरली भांडी वाजली, तिकडं गावंच्या गावं गेली. हजारो माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार म्हणून ज्या घरांचा अभिमान होता तीच अंगावर आली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादची माणसं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आमच्या वडिलांनीही त्याच हिवाळ्यात कूड काढून आखाड्यावर पत्रे टाकले आणि पुढं वर्षभर आम्हा पोरांना तिथंच झोपवलं. आखाडा आम्हाला हौसेतून मिळालेला नाही, भयातून मिळालेला आहे.

आता पत्र्याचे गुण गायले म्हणून दोष झाकणार नाही. मे महिन्यात दुपारी आत गेलं की भाकरीला तवा लागत नाही. पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. वावटळीत एक पत्रा उडून दोन शेतं ओलांडून जातो, आणि ज्याच्या शेतात पडतो तो "मपलाच हाय" म्हणतो. केबल चोरीला जाते, स्टार्टर चोरीला जातो. चोर कुलूप तोडत नाहीत, पत्र्याचे नटबोल्ट काढतात आणि जाताना पाना आपलाच वापरतात. मांजर ठेवलं तर ते उंदरांशी समझोता करतं.

आणि वाटण्या! वडील गेल्यावर आखाडा तिघा भावांत आला. बारा पत्रे, प्रत्येकाला चार. आम्हाला वाटलं बोलण्यापुरतं आहे. मधल्या भावानं खरंच शिडी लावली, चार पत्रे उतरवले आणि आपल्या तुकड्यात नेऊन ठेवले. त्याच्याकडं पत्रे होते, खांब नव्हते. आमच्याकडं खांब होते, पत्रे नव्हते. त्या सालचा अख्खा पावसाळा दोघांचंही खत भिजलं. शेवटी आई म्हणाली, "भांडी वाटलाव, बैलं वाटलाव. सावली कशी वाटता रे?" पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ बैलगाडीत पत्रे घालून घेऊन आला. काही बोलला नाही, बोल्ट आवळायला लागला. मीही वर चढलो. पाडा म्हणणारा पुतण्या हा त्याच भावाचा मुलगा.

तिसरा मुद्दा कामाचा. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, कबूल. पण जागा भाड्यानं मिळते का? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट, बारदान्याची वाट, नंबराची वाट. ज्याच्याकडं कट्टे ठेवायला कोरडी जागा होती, तो थांबू शकला. ज्याच्याकडं नव्हती, त्यानं खळ्यावरूनच अडत्याच्या टेम्पोत माल टाकला. भावाची घासाघीस तोंडानं होत नाही, ती जागेच्या जोरावर होते. आखाडा हे गरिबाचं गोदाम आहे. बियाणं घरचं ठेवायचं तरी जागा लागते. सोयाबीनची साल नाजूक; कट्ट्यांची मोठी थप्पी लावली की खालचं बी उगवत नाही. आमची आई ज्वारीचं बी राखेत घालून याच आखाड्यात ठेवायची. खुरपायला आलेल्या बायांच्या लेकरांच्या झोळ्या याच आखाड्याच्या आड्याला बांधलेल्या असायच्या. हे सगळं स्लॅबच्या दोन खोल्यांत आणि टाईल्सवर होत असेल तर दाखवा.

राहिला हुरडा. पुतण्याच्या मित्रांनी यावं, पोटभर खावं, माझं काही म्हणणं नाही. पण शेतात छप्पर उभारून जेवायची रीत आम्हाला शिकवू नका. लातूर-धाराशिवकडं आणि आमच्या नांदेडच्या काही भागांत येळवस होते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पांडव मांडतात, भज्जी, उंडे, आंबिल. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आमच्या देवालाही त्या दिवशी शेतातलं खोपटच लागतं. तिथं दार नसतं आणि पाटीही नसते. तुमच्या फार्महाऊसला आधी कंपाउंड होतं, मग कुत्रं येतं, मग 'खासगी मालमत्ता' अशी पाटी येते.

इथपर्यंत माझी बाजू पक्की आहे. पण आखाडा पाडा म्हणणाऱ्यांनी एक प्रश्न कधी विचारलाच नाही, आणि तो विचारला असता तर मी खाली मान घातली असती. तो प्रश्न असा: आखाड्यात झोपतं कोण?

मालक झोपत नाही. हौसेनं चार रात्री झोपतो आणि गावभर सांगतो. रोज झोपतो तो सालगडी. पाडव्याला साल ठरतं. इतकी रक्कम, इतकी ज्वारी, एक घोंगडी. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर योजनेतून दिवसा वीज देण्याचं सरकारनं कबूल केलंय, ती सगळ्यांना मिळेल तेव्हा मिळेल. तोवर रात्री दोनला उठून मोटार चालू करायची ती सालगड्यानं, रानडुकरांना हाकलायचं ते सालगड्यानं. आम्ही ज्याला आखाड्याची मजा म्हणतो, ती त्याची ड्युटी आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या सालगड्याला मण्यार चावली. तो खाली पोत्यावर झोपला होता. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. आम्ही आधी म्हणालो, रात्रीचं शिळं खाल्लं असेल. तास-दीड तास त्यात गेला. मग जीप काढली. बिलोलीहून नांदेड सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्याच्या नाकातोंडात नळ्या घातल्या, दहा दिवसांनी तो वाचला. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "मालक, बैलाला गव्हाण हाय. ह्यांना बाज न्हवती का?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. एका बाजेची किंमत खताच्या एका पोत्याएवढी.

नंतर मी कागद चाळले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकऱ्यांसाठी जी अपघात योजना आहे तिच्यात सर्पदंशानं मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. पण कोणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या घरी. साप सातबारा बघून चावत नाही, पण पैसे सातबारा बघून मिळतात. दुसरा कागद गोठ्याचा. रोजगार हमीला जोडून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये आहेत. जागा २६.९५ चौरस मीटर, गव्हाण किती लांब, मूत्र साठवायचं टाकं २५० लिटरचं, सगळं मापात. चांगली योजना आहे, जनावरांना मिळालंच पाहिजे. पण त्याच छपराखाली झोपणाऱ्या माणसासाठी किती फूट जागा, हे त्या मापांत नाही. सरकारला दोष देऊन मी सुटत नाही. आमच्या मनातही ते माप नव्हतं.

आणि औषधं. मोनोक्रोटोफॉसची बाटली, तणनाशकाचा कॅन, युरिया आणि माणसाचं अंथरूण एकाच कोपऱ्यात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्याच आठवड्यात आमच्या आखाड्यात तीच बाटली सालगड्याच्या उशापासून दोन हातांवर होती. आणि मन खचलेल्या माणसाच्या हाताला रात्री दोन वाजता ती बाटली किती जवळ असते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको.

तेव्हा आखाडा पाडा म्हणणाऱ्यांनो, तुमचं चुकतंच. पण आखाड्याच्या आठवणी काढून डोळे ओले करणारे आम्ही, आमचंही चुकतं. आखाडा पाडून सालगड्याला बाज मिळत नाही. स्लॅबच्या खोलीत तुमचे मित्र झोपतील आणि तो मोटारीच्या पेटीपाशी भिजत उभा राहील. आखाडा ठेवायचा असेल तर मालकानं एवढं केलंच पाहिजे: जमिनीपासून दोन फूट उंच ओटा किंवा बाज, तिला कडा खोचता येईल अशी मच्छरदाणी, औषधांना कुलपाची लोखंडी पेटी आणि तीही झोपायच्या जागेपासून लांब, कडब्याची गंज भिंतीला टेकवायची नाही, कारण उंदरामागं साप येतो. आणि चावलं असं नुसतं वाटलं तरी मारुतीच्या देवळाकडं न जाता गाडी दवाखान्याकडं. हे जमत नसेल त्यानं सालगडी ठेवू नये, रात्री दोनला स्वतः उठावं.

आम्ही हे केलं, पण एका माणसाला मरणाच्या दारातून आणल्यावर केलं. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तो सालगडी पाडव्याला साल सोडून गेला, आता निजामाबादकडं बांधकामावर आहे. त्याच्या जागी आलेल्यानं पहिल्याच आठवड्यात लुना बाहेर काढली, कोंबडीचं खोकं तेवढं राहू दिलं आणि बाज दाराच्या वाऱ्याला लावली. मोटेचा नाडा फेकू का म्हणाला. मी म्हणालो, ठेव. तो हसला आणि त्यानं बाजेचा एक सैल कोपरा त्याच नाड्यानं आवळला.

आखाड्याची किल्ली आता त्याच्या कडदोऱ्याला असते. पुतण्या हुरड्याला येणार असेल तर खुशाल यावं. फक्त दार उघडायचं असेल तर आधी त्याला विचारावं लागेल, आणि तो दुपारी झोपलेला असेल तर उठेपर्यंत थांबावं लागेल. रात्री लाईट होती.