पळी कोणाच्या हातात?

मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसापुढे लादाईन असते. मी हिंदू, पण लहानपणापासून जात आलो. मेणबत्त्या, गाणे, मग उकडलेले चणे. खरे सांगायचे तर चण्यांसाठीच जायचो!

यंदा चणे खाताना 'प्रेषितांची कृत्ये' मधला सहावा अध्याय आठवला. येरुशलेममधली पहिली ख्रिस्तमंडळी म्हणजे सगळे सामाईक, सगळे गुण्यागोविंदाने, असे आपण ऐकून असतो. पण त्या मंडळीतही भांडण लागले, आणि तेही धर्मतत्त्वावरून नव्हे, भाषा आणि जेवण यांवरून. (आम्हा गोवेकरांना हे नवे नाही.) ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलतात. प्रेषितांनी समजुतीचे प्रवचन दिले नाही. तुमच्यातलेच सातजण निवडा, वाटप त्यांच्याकडे देऊ, म्हणाले. निवडलेले कोण? स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन... सातही नावे ग्रीक! म्हणजे ज्यांची ओरड होती, बहुधा त्यांच्याच हाती पळी दिली.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तेच दुखणे. प्रभुभोजनाला एकत्र यायचे आणि एकाने पोटभर खाऊन झिंगायचे, दुसऱ्याने उपाशी बसायचे. पौल चिडून सांगतो, एकमेकांसाठी थांबा. एवढी साधी गोष्ट.

आपण देवळाला इगर्ज म्हणतो तो पोर्तुगीज शब्द मुळात ग्रीक, आणि त्याचा अर्थ सभा, चुनादगड नव्हे. थॉमस स्टीफन्सने 1616 साली 'क्रिस्तपुराण' छापले ते मराठीत, ओवीत, कारण नव्या ख्रिस्ती माणसाला आपल्या वळणाचे पुराण हवे होते. पण ओवी आली तशी जातही आत आली. बाप्तिस्मा एकाच पाण्याने, आणि कित्येक गावांतल्या कोंफ्रारिया मात्र जातीवार. फेस्ताचा मान ठरावीक घराण्यांचा. पौलाच्या पत्राशी हे कसे जुळवायचे, ते मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. आम्ही हिंदूंनी हसू नये. आमच्या देवळांची महाजनकीही 1933 च्या रेगुलामेंतपासून अशीच कागदावर बांधलेली आहे, आणि आमच्याकडे तर कोणी पत्रही लिहिले नव्हते. असो.

आमच्या वाड्यावर काही वर्षांपासून झारखंडची दोन ख्रिस्ती कुटुंबे भाड्याने राहतात. लादाईनीला येतात, मागे उभी राहतात. मी शेजारच्या शामायला विचारले, "यांना एखाद्या वर्षी यजमानपण का देत नाही?"

"तें वेगळें, बाबा," ती म्हणाली.

मग थोडा वेळ गप्प बसली. उठताना चण्यांचे भांडे घेऊन ती मागच्या रांगेकडे गेली. वाटले मात्र तिनेच.