अटकेपार झेंडा आणि शनिवारवाडा

एखाद्याने असामान्य पराक्रम केला, की त्याने ‘अटकेपार झेंडा लावला’ असे मराठीत म्हणतात. हा वाक्प्रचार ज्या मोहिमेवरून रूढ झाला, तिचा सेनानी रघुनाथराव पेशवा, म्हणजेच राघोबादादा, हा होता. सन १७५८ मध्ये त्याच्या सैन्याने लाहोर घेतले आणि सिंधू नदीच्या काठी असलेल्या अटकेपर्यंत मराठ्यांचा अंमल नेऊन पोहोचविला.

परंतु याच पुरुषाचे नाव दुसऱ्या एका घटनेशीही कायमचे जोडले गेले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी शिपायांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. नारायणराव हा रघुनाथरावाचा सख्खा पुतण्या. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून या कृत्याचा दोष रघुनाथरावावर ठेवला. पुढे पेशवेपदाच्या लोभाने त्याने इंग्रजांचे साहाय्य मागितले आणि १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी व वसई त्यांना देण्याचे कबूल केले. त्याचा चुलता चिमाजीअप्पा याने १७३९ मध्ये मोठ्या शर्थीने पोर्तुगीजांकडून जिंकलेली हीच ती वसई! त्या तहातून उद्भवलेले युद्ध १७८२ मध्ये संपले.

अशा पुरुषाविषयी आदर बाळगावा काय? कोणी म्हणतात, पराक्रम एवढा थोर, तेव्हा अपराध विसरावा. कोणी म्हणतात, अपराध एवढा घोर, तेव्हा पराक्रमाचे नावही काढू नये. दोन्ही मते सोपी आहेत, कारण दोहोंतही अर्धे सत्य गाळलेले आहे. वाण्याच्या वहीत जमेतून खर्च वजा करता येतो. माणसाच्या कृत्यांची तशी वजाबाकी होत नाही. लाहोरच्या विजयाने नारायणराव परत येत नाही आणि नारायणरावाच्या खुनाने लाहोरचा विजय खोटा ठरत नाही.

समोरचा मनुष्य विजयी सेनानी आहे, सत्ताधीश आहे, हे रामशास्त्र्यांना ठाऊक होते. तरीही न्याय करताना त्यांनी त्या कीर्तीला तराजूत जागा दिली नाही.

म्हणून आदर करावा तो सत्कृत्याचा, आणि निषेध करावा तो दुष्कृत्याचा. मग कर्ता एकच का असेना. शिवाय तो झेंडा एकट्या सेनानीने लावलेला नव्हता. शेकडो कोस चालत गेलेल्या सैनिकांचाही त्यात वाटा होता. ‘अटकेपार’ हा शब्द उच्चारताना ऊर अभिमानाने भरून यावा आणि शनिवारवाड्यासमोर उभे राहिल्यावर मान खाली जावी. एकाच माणसाविषयी या दोन्ही भावना मनात बाळगणे कठीण असते. परंतु ज्याला ते साधले, त्यानेच इतिहास खरा वाचला.