सशाच्या यकृतावरचे पांढरे ठिपके

अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत थंडीची चाहूल लागली की रानसशांच्या शिकारीला जोर येतो. कायद्याने नेमून दिलेल्या दिवसांत तेथे ससे मारता येतात व त्यांचे मांस घरी शिजवले जाते. ससा सोलून पोट उघडले की जाणता शिकारी प्रथम यकृत पाहतो. निरोगी यकृत गर्द तांबूस-तपकिरी आणि गुळगुळीत असते. पण कधीकधी त्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि मग मतभेद सुरू होतात. एक म्हणतो, "यकृत तेवढे फेकून द्या, बाकीच्या मांसाला काय झाले आहे?" दुसरा म्हणतो, "सबंध ससाच पुरून टाका." तिसरा म्हणतो, "चांगले शिजवले की सगळे जंतू मरतात, उगाच घाबरता कशाला?"

विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही कोणाच्या बाजूने कौल द्याल? माझ्या मते दुसऱ्याचे म्हणणे मानावे. मात्र ते भीतीपोटी नव्हे, तर कारण समजून मानावे.

पांढरे ठिपके हे काही एका रोगाचे नाव नव्हे. ते निरनिराळ्या कारणांनी पडतात. त्यांपैकी तीन कारणे आपण पाहू.

पहिले कारण म्हणजे 'आयमेरिया स्टीडी' नावाचा एकपेशीय परोपजीवी. रोगी सशाच्या लेंड्यांतून त्याचे कवचधारी सूक्ष्म कण गवतावर पडतात. ओलाव्यात व हवेत दोन-चार दिवस राहिले की ते संसर्गक्षम होतात. गवताबरोबर ते दुसऱ्या सशाच्या पोटात जातात. तेथून हा जीव यकृतातील पित्तनलिकांत शिरून वाढू लागतो. यकृत फुगते, त्यावर पांढरट गाठी येतात आणि लहान पिल्ले तर पुष्कळदा दगावतात. माणसाला मात्र याची बाधा होत नाही.

दुसरे कारण म्हणजे कुत्र्याच्या एका पट्टकृमीची बाल्यावस्था. कुत्र्याच्या विष्ठेतून या कृमीची अंडी गवतावर येतात व सशाच्या पोटात जातात. अळ्या यकृतातून वाट काढतात तेव्हा तेथे पांढरे ओरखडे उमटतात. पुढे यकृताच्या आसपास वाटाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पुटिका लोंबू लागतात. यांपासूनही माणसाला अपाय नाही. पण शिकारी तीच आतडी-यकृत आपल्या कुत्र्यापुढे टाकतो, कुत्र्याच्या पोटात पुन्हा पट्टकृमी तयार होतो आणि चक्र पूर्ण होते.

तिसरे कारण मात्र गंभीर आहे. त्याचे नाव ट्युलरेमिया. इंग्रजी बोलणारे शिकारी त्याला 'सशाचा ताप' म्हणतात. कॅलिफोर्नियातील ट्युलेअरी परगण्यात १९११ साली खारींमध्ये हा रोग आढळला, म्हणून त्याला हे नाव मिळाले. एडवर्ड फ्रान्सिस या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचा आयुष्यभर अभ्यास केला, तो करताना त्यांना स्वतःलाही हा रोग जडला. रोगाच्या जीवाणूला आज त्यांचेच नाव आहे. रोगी सशाच्या यकृतावर व प्लीहेवर बारीक पांढरे ठिपके येतात. हे जीवाणू अगदी थोडे, दहा-वीस जरी शरीरात शिरले, तरी माणूस आजारी पडू शकतो. अमेरिकेत १९३९ साली या रोगाच्या २,२९१ रुग्णांची नोंद झाली होती. पुढे स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधे आली आणि मृत्यू पुष्कळ कमी झाले. तरीही वेळेवर उपचार झाला नाही तर हा रोग आजही जिवावर बेतू शकतो.

आता त्या तिघांकडे पुन्हा वळू. "यकृत फेका, मांस खा" असे म्हणणारा हे विसरतो की हा जीवाणू यकृतापुरता नसतो, तो रक्तातही असतो. "शिजवले की झाले" असे म्हणणाऱ्याचे निम्मे खरे आहे. आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसात तो जीवाणू जगत नाही. पण माणसाला हा रोग बहुधा जेवताना होतच नाही. तो होतो ससा सोलताना, बोटावरच्या एखाद्या बारीक ओरखड्यातून किंवा रक्ताचा हात डोळ्याला लागल्यामुळे. मांस चुलीवर चढण्यापूर्वीच काम झालेले असते! म्हणूनच यकृत पाहायच्या आधी हातमोजे हवेत. ठिपके दिसल्यावर मोजे शोधणे म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडणे होय.

शिकाऱ्यांत आणखी एक जुना नियम आहे. कडाक्याच्या थंडीने दंव गोठेपर्यंत ससा मारू नये, असे ते म्हणतात. या नियमाला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. हा रोग गोचिडी व चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. थंडीत त्यांचा वावर मंदावतो आणि दुबळे, आजारी ससे आधीच मरून जातात. म्हणजे नियमामागे निरीक्षण आहे. पण तो धोका कमी करतो, नाहीसा करत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात तर एके काळी या तापाचे रुग्ण हिवाळ्यातच, शिकारीच्या हंगामात वाढत असत. शिवाय गोठलेल्या मांसात हा जीवाणू दीर्घकाळ तग धरतो. अनुभवाला मान द्यावा, पण त्याला "का?" हा प्रश्नही विचारावा. उत्तर मिळाले की तो नियम कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, तेही कळते.

कोणी म्हणेल, तीनपैकी दोन कारणे माणसाला निरुपद्रवी असताना चांगला ससा वाया का घालवायचा? आक्षेप रास्त आहे. गरीब घरात एका सशाचे मोल मोठे असते. परंतु ठिपका निरुपद्रवी आहे की घातक, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. दिसायला सारखे ते असायला सारखे नसते. चूक एका बाजूला झाली तर एक जेवण जाते, दुसऱ्या बाजूला झाली तर माणूस जातो. अशा वेळी सर्वांत वाईट शक्यता धरून वागणे यालाच मी शहाणपण म्हणतो.

मात्र पुरून टाकणे म्हणजे विचार करणे थांबवणे नव्हे. हॉलंडमधील डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७४ साली एका म्हाताऱ्या सशाचे पित्त आपल्या भिंगाखाली पाहिले. त्यात त्याला लंबगोल कण दिसले. ते वर सांगितलेल्या आयमेरियाचेच असावेत, असे आज मानतात. कुचेनमायस्टर या जर्मन डॉक्टरने १८५० नंतरच्या दशकात सशातील पुटिका कोल्ह्या-कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि त्यांपासून पट्टकृमी तयार होतात हे दाखवून दिले. तोवर या पुटिका म्हणजे निराळेच प्राणी, असा समज होता. इतरांनी उकिरड्यावर टाकलेल्या वस्तूतून या दोघांनी ज्ञान मिळवले.

आपल्याकडे माळरानावरचा ससा मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तरीही ही गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. शेळ्या-मेंढ्या कापल्या जातात तेथे टाकलेल्या यकृता-फुप्फुसांवर गावातली कुत्री जमतात. त्या अवयवांत हायडॅटिड कृमीच्या पुटिका असल्या तर कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाला यांत मिसळतात व आपल्या पोटात जातात. मग माणसाच्याच यकृतात वर्षानुवर्षे पुटिका वाढत राहते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. सशातल्या पुटिकेसारखेच हे चक्र आहे, फक्त सशाच्या जागी या वेळी मेंढी आणि माणूस आहेत.

हे चक्र तोडायला मोठी यंत्रे लागत नाहीत. टाकाऊ अवयव कुत्र्यांच्या तोंडी न पडता खोल पुरले जावेत, कुत्र्यांना जंताचे औषध मिळावे, आणि कुत्र्याला हात लावल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पहिली दोन कामे ग्रामपंचायतीकडे आणि वडीलधाऱ्यांकडे आग्रहाने मागा. तिसरे तुमच्याच हाती आहे, ते आजपासून सुरू करा.