वजनाचा आरोप

गेल्या वर्षीं आमच्या सौ.नीं रात्रीचें जेवण सोडलें आणि पहाटे वडाळीच्या तलावापर्यंत फिरावयास जाण्याचा नेम धरिला. तरी सहा महिन्यांत वजन चार किलोंनीं वाढलें! आमचा जन्म मास्तरकींत गेला. आम्हीं लागलीच चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय काढून अतिभोजन, दिवानिद्रा, अव्यायाम हीं स्थौल्याचीं कारणें मोठ्यानें वाचून दाखविलीं व डब्यांतील लाडवांविषयीं चौकशी केली. त्या बोलल्या नाहींत. फडताळाची किल्ली तेवढी आमच्या पुढ्यांत ठेविली.

वैशाखांत त्या अकोल्यास कन्येकडे गेल्या. अकोल्याचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. तेथें भर दुपारीं आई शाल पांघरते हें पाहून कन्येनें डॉक्टरांस गांठलें. रक्त तपासतां गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंदावलेली आढळली. तिचा स्राव उणा पडला कीं देहाचा अग्नि मंद होतो, क्षार व पाणी अंगांत साठतात, आणि मिताहारी मनुष्यहि जड होतो. १९१४ सालीं आमच्या अमरावतींत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें; त्याच वर्षीं अमेरिकेंत केंडॉल यांनीं हा स्राव वेगळा काढला. आम्हांस पहिलीच गोष्ट ठाऊक!

आतां रोज सकाळीं अनशेपोटीं एक गोळी. वजन थोडेंच उतरलें. सगळाच भार ग्रंथीचा नसतो, असें डॉक्टर म्हणाले. शाल मात्र सुटली.

हा विकार पुष्कळदां कुळांतून येतो. चरकाच्या त्याच यादींत शेवटीं ‘बीजस्वभाव’ हेंहि एक कारण आहे. तें आम्हीं वाचून दाखविलें नव्हतें. किल्ली अद्याप आमच्याच मेजावर आहे.